पळाला तो कापूस

सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूच्या घरी नोकरी धरावी लागते. सगळ्या देशांतल्या जुन्या वीरकथा हेच सांगतात. कुणी भिकारी होऊन त्याच्या दारात बसतो, कुणी त्याचे घोडे राखतो, कुणी त्याची मुलं सांभाळतो, आणि एक दिवस मालक खुशीत असताना व्हायचं ते होतं. मी नगाऱ्याच्या मागे बसायची नोकरी धरली.

नगारा म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा गाणारा. माईक बंद पडला तर शेवटच्या रांगेला ते कळायचंसुद्धा नाही, असा आवाज. हे नाव तरुणपणी माझ्या बाबांनीच त्याला ठेवलं. त्याने उलट बाबांना कापूस म्हणायला सुरुवात केली, कारण बाबांचा आवाज मऊ होता. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली तयार झाले, एकाच खोलीत राहिले, एकमेकांचे शर्ट घालून हिंडले. आता त्याला तोंडावर नगारा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. शिष्य गुरुजी म्हणायचे, मी काका म्हणायची, अहो-जाहो करायची. मनात मात्र एकेरी, आणि त्याच्यापुढे आणखी जे काही लागायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो गायचा ती 'पुलाची लढाई', आमचं महाकाव्य. लंगडी राणी मूठभर माणसं घेऊन पूल राखते, समोर अफाट फौज, आणि एकेक माणूस पडत जातो. पूर्ण गायला तीन दुपारी लागतात. ते लिहायचं नाही, तोंडाने सांगायचं आणि कानाने घ्यायचं, अशी रीत आहे. तिसऱ्या दुपारी, शेवटच्या हल्ल्याच्या आधी, पळून गेलेल्यांची यादी येते. लोक खरं तर तिचीच वाट बघत असतात. राणी मरते तेव्हा डोळे पुसणारे थोडे, पण यादीला पाय आपटत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही.

'पळाला तो तांबट, घोडा बांधलेला टाकून. पळाला तो लोहार, भट्टी पेटलेली टाकून. पळाला तो मावसभाऊ, हातातला घास टाकून.' अशी ती चालते. आता यातलं एकही माणूस कुठल्या पुलावर लढलेलं नाही. प्रत्येक मोठ्या गाणाऱ्याला आयुष्यात एकदा या यादीत एक नाव घालायचा हक्क असतो. ज्याने आपलं वाईट केलं त्याचं नाव घालायचं. लोहाराने कुणा गाणाऱ्याच्या घोड्याला चुकीचा नाल ठोकला होता. मावसभाऊ कुणाच्या तरी लग्नात रुसून जेवणावरून उठला होता. ती भांडणं मातीत गेली, भांडणारे मातीत गेले, पण मावसभाऊ अजून पळतोच आहे. शिष्यांना यादी जशीच्या तशी पाठ करावी लागते. नाव ज्याने घातलं त्यालाच ते बदलता येतं, तेही भर सभेत, तिथे दुसरं नाव गाऊन. तो मेला की मग ती काळ्या दगडावरची रेघ.

यादीतली सगळ्यात नवी ओळ शेवटी येते आणि ती सबंध सभागृह पाय आपटून परत म्हणतं. मी लहान असल्यापासून ती ओळ अशी होती: 'पळाला तो कापूस, पाठ उघडी टाकून.'

बाबांनी काय केलं होतं ते सांगते. आमच्यात गाणारा एकटा बसत नाही. त्याच्या उजव्या खांद्यामागे, खालच्या स्टुलावर, 'मागचा' बसतो. गाणारा अडला की ओळीचे पहिले दोन-तीन शब्द त्याच्या कानात सोडायचे, एवढंच त्याचं काम. मागच्याने लढाई संपेपर्यंत उठायचं नाही, घर पेटलं तरी नाही. नगारा गायचा आणि बाबा मागे बसायचे. त्या वर्षी तिसऱ्या दुपारी दवाखान्यातून निरोप आला की माझ्या आईचं आता काही खरं नाही. बाबा उठले आणि गेले. मी तेव्हा मामीच्या मांडीवर दवाखान्याच्या बाकावर बसले होते, बाबा धावत आले ते मला आठवतं. आई त्यांना भेटली, दोन शब्द बोलली आणि गेली.

इकडे नगारा भर सभेत अडला. मागे हात केला तर स्टूल रिकामं. त्याला सुचेना, लोक आधी गप्प राहिले, मग कुजबुजले, मग हसले. त्याच्या आयुष्यात तेवढंच एकदा लोक त्याला हसले. आईच्या मातीलाही तो आला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याने आपला हक्क वापरला.

त्यानंतर बाबांनी गाणं सोडलं ते सोडलंच. लाँड्रीत इस्त्रीला लागले. वाफेत उभं राहून फुप्फुसं खराब करून घेतली, पण कुणाविषयी वाकडा शब्द काढला नाही. शाळेत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावर पाय आपटायला सुरुवात व्हायची. दरवर्षी रेडिओवर गाणं लागायचं, शेजाऱ्यांच्या भिंतीतून यायचं, आणि यादी जवळ आली की बाबा उठून मोरीतला नळ पूर्ण सोडायचे. आम्ही दोघं त्या पाण्याच्या आवाजात बसून राहायचो. लोक म्हणतात विसरून जा. ज्यांचं जळत नाही त्यांना असले सल्ले सुचतात.

मी गाणं चोरून शिकले, रेडिओवरून, आणि नगाऱ्याच्या शिष्यांच्या खोलीबाहेर उभी राहून. त्याचा मुलगा त्याच्या मागे बसायचा, तो परदेशी गेला तेव्हा नव्या माणसाचा शोध सुरू झाला. मी जाऊन उभी राहिले. त्याने मला कुठलेकुठले सर्ग विचारले, मी थांबले नाही. मग त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"कापसाची पोर ना तू?"

"हो, काका."

"बस मग. बघू, तू तरी बसून राहतेस का."

शिष्य खो-खो हसले. मीही हसले. गरज सरेपर्यंत हसायला माझं काय जात होतं?

मागे बसायचं काम वाटतं तितकं सोपं नाही. ओळ श्वास सोडताना सांगायची, घेताना नाही, नाहीतर माईक पकडतो. ओठ हलता कामा नयेत. तोंड त्याच्या कानाशी, पण डोळे त्याच्या खांद्यावर. खांदा वर गेला तर तो श्वास घेतोय, खांदा तसाच राहिला तर ओळ गेली. मग तो अंगठा गुडघ्यावर टेकवतो आणि आपण शब्द सोडायचे. यातला सगळ्यात मोठा नियम गाणाऱ्यासाठी आहे. मागून आलेली ओळ त्याने बदलायची नाही, तपासायची नाही, वळून बघायचं नाही. आली की गायची. नवऱ्यावर कुणी इतका भरवसा ठेवत नसेल.

पहिल्या वर्षी मी सरळ मार्गाने गेले होते, हे नोंदवून ठेवते. त्याच्या घरी, शिष्यांसमोर, मी म्हटलं, "काका, बाबांची तब्येत बरी नसते. ते नाव आता बदला. कुठलंही घाला."

"मी मेल्यावर विचार," तो म्हणाला, आणि सगळ्यांकडे बघून टाळीसाठी हात पुढे केला. तो मेल्यावर नाव बदलता येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. टाळी दिली गेली.

आणि मग तो यादीपाशी अडायला लागला. तीन दुपारींचं गाणं घडाघडा म्हणणारा माणूस, घोड्यांची नावं, हत्यारांची नावं, राणीच्या सात पिढ्या, कुठे म्हणून खांदा थबकायचा नाही. मावसभावापर्यंत सुसाट यायचा आणि तिथे अंगठा गुडघ्यावर. मग मला माझ्या तोंडाने त्याच्या कानात सोडावं लागायचं, 'पळाला तो कापूस.' तो ते उचलून हॉलभर फेकायचा, लोक पाय आपटायचे, माझं स्टूल खालून हादरायचं. एकदा झालं तेव्हा वाटलं योगायोग. दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलीच्या तोंडून बापाची बदनामी वदवून घेण्याची याला चटक लागली होती.

त्याची सून मला वेगळं सांगायची. मी तिला वहिनी म्हणायची, बाई सरळ होती. "अगं, त्यांचं डोकं आता ठिकाणावर नसतं," ती म्हणाली. "काल कोट उलटा घालून जिन्यात उभे होते. मला विचारतात, तू कुणाची? सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांना जेवायला हाक मारतात."

"आणि गाणं बरं सगळं आठवतं?" मी विचारलं.

"गाणं तेवढं राहिलंय. डॉक्टर म्हणाले तेही जाईल. यंदाचं शेवटचं."

मला त्यातलं 'यंदाचं शेवटचं' एवढंच ऐकू आलं. बाकी मी सोंग समजले. ज्या माणसाने बापाला आयुष्यभर पळवलं तो एका सकाळी उठून सगळं विसरून मोकळा होतो, हे मला पटण्यासारखं नव्हतं. विसरायचा हक्क आमचा होता, त्याचा नाही.

यंदा कधी नव्हे ते निरनिराळ्या देशांतले गाणारे बोलावले होते. सकाळी त्यांचं गाणं, दुपारी नगाऱ्याचं, आणि तिन्ही दुपारी रेडिओवर थेट. मी सकाळीही बसायची ऐकायला. भाषा कळायची नाही, पण दुभाषी बाई थोडक्यात सांगायची. कुणाच्या काव्यात जहाजांची यादी होती, कुणाच्या घोड्यांची. एकाच तारेचं वाद्य मांडीवर घेऊन एकजण गायला, त्यात बाप रणात पोटच्या मुलाला ओळखत नाही आणि मारतो. दुसऱ्याच्या कथेत जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांना दारं लावून जाळतात. मला वाटलं होतं परक्यांच्या कथा परक्या असतील. पण गोरे असोत की काळे, डोंगरातले असोत की समुद्राकाठचे, सगळ्यांच्या पूर्वजांनी एकमेकांचं वाटोळं करून मग त्यावर सुंदर गाणी रचलेली. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

एक म्हातारी कुठल्याशा थंड देशातून आली होती. तिच्या कथेत विधवा आपल्या नवऱ्याच्या मारेकऱ्यांना शोधून काढते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ती माझ्यासमोर बसली होती आणि मी ताटात नुसती बोटं फिरवत होते. म्हातारी काहीतरी बोलली. दुभाषी बाई हसली.

"त्या म्हणतात, त्यांच्या कथेतली बाई सूडाला निघायच्या आधी पोटभर जेवते. उपाशी माणसाला लवकर दया येते म्हणतात."

म्हातारीला काय दिसलं कोण जाणे. मी ताट संपवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

माझ्याकडे तेव्हा दोन नावं होती, हे खरं. एक निरुपद्रवी, सुतार. 'पळाला तो सुतार, दार अर्धं लावलेलं टाकून.' कुणाचं काही बिघडत नव्हतं, बाबा सुटत होते, आणि म्हाताऱ्याला कळलंही नसतं. गेले कित्येक महिने मी हेच ठरवलं होतं. दुसरं नाव मी नुसतं जिभेवर ठेवून बघायची, रात्री गोड खाल्ल्यावर दातात अडकलेला कण जिभेने चाचपावा तसं.

जेवणानंतर पाहुणे नगाऱ्याभोवती जमले. कुणीतरी दुभाषी बाईला यादीविषयी विचारलं, शेवटच्या ओळीतला हा कापूस कोण? तिने त्यालाच विचारलं. तो खुर्चीत रेलून बसला होता, कोटाला फूल लावलेलं, चेहरा प्रसन्न.

"कापूस?" तो म्हणाला. "होता एक भित्रा. लढाई ऐन रंगात आली आणि हा पळाला. राणीने मागे बघितलं तर पाठीला कुणी नाही. असल्या माणसाला आई-बाप तरी असतात का कुणास ठाऊक."

पाहुण्यांना ते सांगितलं गेलं, ते हसले. तोही हसला, आणि माझ्याकडे बघून हसला. मी तिथेच उभी होते, त्याच्या पाण्याचा पेला हातात धरून. असल्या माणसाला आई-बाप असतात का. ज्यांच्या घरात याने लहानपणापासून जेवणं झोडली, त्या माझ्या आजी-आजोबांबद्दल हा बोलत होता. मी पेला टेबलावर ठेवला, पाणी सांडलं नाही. सुतार गेला घरी.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या दोन रांगांत शिष्य. त्यांची शिकायची पद्धत अशी की गुरुजी गातात तेव्हा आवाज न काढता ओठ हलवायचे. मागे बसून मला त्याचा खांदा आणि त्या खांद्यापलीकडे एकसारखे हलणारे ते ओठ दिसायचे. त्या दिवशी तो जो गायला तसा मी त्याला कधी ऐकला नव्हता. दुष्मनाला सुद्धा दाद द्यावी लागेल असं गाणं होतं ते. राणीची कुबडी पुलाच्या फळीवर वाजते ती ओळ त्याने अशी टाकली की पुढची माणसं खाली बघायला लागली. माझ्याही अंगावर काटा आला, आणि त्याचाही मला राग आला.

मग यादी. तांबट पळाला. लोहार पळाला. मावसभाऊ घास टाकून पळाला. खांदा थबकला. अंगठा गुडघ्यावर टेकला.

मी श्वास सोडला. "पळाला तो नगारा."

खांदा वर आला नाही. मी पुन्हा सोडलं, अगदी कानाला ओठ लावून, "पळाला तो नगारा, पाठ उघडी टाकून." तो वळला नाही. छाती भरली आणि त्याने ते उचललं.

पहिल्या रांगेतले ओठ 'कापूस' म्हणाले आणि आवाज 'नगारा' म्हणाला. ओठ तिथेच राहिले, अर्धे उघडे. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, नीट ऐकलं का म्हणून. त्याने दोन्ही हात वर केले, ओळ परत म्हणायची खूण केली. कुणी म्हणेना. मग वरच्या सज्जातून कुणाचा तरी दणदणीत आवाज आला, "पळाला तो नगारा." तिथून हसू सुटलं, खाली उतरलं, रांगेरांगेने आलं. पाय आपटायला लागले. हसत, डोळे पुसत, सगळं सभागृह म्हणत होतं, "पाठ उघडी टाकून." माझं स्टूल खालून हादरत होतं आणि आज ते मला गोड लागत होतं, लपवून काय करू.

गर्जना मोठी झाली की ओळ पुन्हा गायची असते. त्याला ती दाद वाटली. त्याने आणखी वरच्या पट्टीत, शब्द लांबवून, स्वतःचं नाव दुसऱ्यांदा गायलं. आता ते पक्कं झालं. त्याच्यानंतर शिष्य, शिष्यांचे शिष्य, आम्ही सगळे मेल्यावरही लोक हेच म्हणणार. मग त्याने शेवटचा हल्ला गायला, राणी मारली आणि खाली उतरला. मी लढाई संपेपर्यंत जागची हलले नाही.

मागच्या बोळात जाऊन मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं." मग एक विचित्र आवाज आला. मला वाटलं धाप लागली, औषध जवळ आहे का विचारणार होते. तर बाबा हसत होते. मऊ आवाजाचा माझा बाप, कुणाला कधी अरे न म्हणणारा, तो फोनमध्ये खोकत, थांबत, पुन्हा हसत होता, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "दोनदा म्हणाला," ते म्हणाले. "मूर्ख दोनदा म्हणाला." इतकी वर्षं माझा समज होता की राग एकटीने मीच सांभाळला. तो आमच्या घरात दोघांना पुरून उरेल इतका होता.

आत खोलीत शिष्यांची पळापळ चालली होती. एकाने मला वाट अडवून "काय केलंस हे?" विचारलं. मी म्हटलं, "मागून आलेलं बदलायचं नाही, एवढं तरी शिकलात ना?" ते सगळे वहिनीला शोधायला गेले, आणि खोलीत तो आणि मी राहिलो.

तो आरशासमोरच्या खुर्चीत बसला होता. घाम पुसून झाला होता. मी दार लावून घेतलं. त्याने चिडावं, उठावं, हात उगारावा, निदान एकदा मागे वळून रिकामं स्टूल बघणाऱ्या माणसाचा चेहरा करावा, याची मी वाट बघत होते. मला तेवढं हवं होतं.

"चांगलं बसलं आज," तो म्हणाला. "लोक किती हसले. एक सांग पोरी, हा नगारा कोण?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात सोंग शोधलं. डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, हातांत. एवढा मोठा चेहरा आणि त्यात कुठे काही नव्हतं. पाहुण्यांपुढे तो थट्टा करत नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं. कापूस नावाचा कुणी भित्रा खरोखर पुलावरून पळाला, असंच त्याला वाटत होतं.

"मुद्दाम घातलंय ते नाव," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एक गाणारा होता. त्याच्या मागे त्याचा मित्र बसायचा, सख्ख्या भावासारखा. मित्राची बायको मरायला टेकली म्हणून मित्र उठून गेला. याने काय केलं माहीत आहे? त्या मित्राचं नाव यादीत घातलं. पळपुटा म्हणून. आयुष्यभर त्याला आणि त्याच्या पोरीला लोकांचे पाय ऐकायला लावले. तो नगारा."

तो ऐकत होता. गोष्ट चांगली असली की माणूस ऐकतो तसा, थोडा पुढे झुकून. सांगून झालं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बायको मरत असताना कोण बसून राहील?" तो म्हणाला. "आणि त्यावरून यादीत? हलकट होता मग तो. बरं केलं घातला. ज्याने घातला त्याचे हात धरायला हवेत." त्याने खरंच माझा हात धरला, थोपटला. मग जरा वेळ तो आपल्या गळ्यावरून बोटं फिरवत राहिला. "काय असतं बघ, ती जागा आली ना, की माझ्या इथे काहीतरी अडकायचं. फार वर्षांपासून. शब्द माहीत असायचे, पण बाहेर यायला नको म्हणायचे. मागून कुणी ढकलले तरच निघायचे. आज ओळ कशी सरळ निघाली."

मी हात सोडवून घेतला. शाळेच्या वर्गात नव्हता आला, लाँड्रीच्या वाफेत नव्हता आला, तेवढा राग मला त्या खोलीत आला. समोर तो बसला होता, हलका झालेला, माझ्या हातून सुटका करून घेतलेला. इतकी वर्षं ज्याच्या मागे लागले तो हाती यायच्या आधीच निसटला होता, आणि जाता जाता शाबासकी देऊन गेला होता. बाहेर जिन्यावर वहिनीची पावलं वाजली. त्याने उभं राहून दोन्ही हात मागे केले, मी कोट चढवावा म्हणून, आणि मी तो चढवला.